पोरीला मेंदूवर संशोधन करायचं आहे, अडवू नका

भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. दारव्ह्याकडची कोरडवाहू शेती, नीटमध्ये पोरीला कमी पडलेले मार्क, आणि आता ती मेंदूतल्या सेरोटोनिनचा, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा, अभ्यास करायचा म्हणते. "यात पोट भरते का?" हा तुमचा प्रश्न. तुमच्या आई दिवेलागणीला ओटी बांधून कापूस वेचायला निघतात, अडवलं की अंगावर येतात, हेही लिहिलंत. आजीचं असं भान हरपताना बघूनच पोरीला हा ध्यास लागलाय.

विषय तिनं बरोबर धरलाय. सेरोटोनिन पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना चिकटतं, त्यांचे चौदाएक प्रकार आहेत. वयानुसार त्यातले २ए प्रकारचे रिसेप्टर मेंदूच्या बाहेरच्या थरात कमी होतात, अल्झायमरमध्ये, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जाण्याच्या आजारात, त्याहून जास्त. ६ क्रमांकाचा रिसेप्टर अडवला तर स्मरणशक्ती सुधारेल, अशी मोठी आशा होती. पण इडालोपिर्डिन आणि इंटेपिर्डिन ही दोन्ही औषधं मोठ्या चाचण्यांत नापास झाली. सेरोटोनिन वाढवणाऱ्या सिटॅलोप्रॅमनं अल्झायमरच्या रुग्णांची चिडचिड, अस्वस्थता कमी झाल्याचं २०१४ च्या चाचणीत दिसलं, पण हृदयाच्या ठोक्यांवर वाईट परिणामही दिसला. म्हणून अशी गोळी आईंना स्वतःहून देऊ नका, आधी यवतमाळ किंवा सेवाग्रामला दाखवा. इतकं काम अजून बाकी आहे, भाऊ. करणारी माणसं लागणारच.

यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. पोरगी हुशार आहे, तर आयसर पुणे या केंद्राच्या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी. माझा कौल मात्र बी.फार्मला, म्हणजे औषधनिर्माणाच्या पदवीला. सीईटीतून नागपूर-अमरावतीकडे प्रवेश, मग जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरावर कशी काम करतात या विषयात, एम.फार्म. संशोधन नाही जमलं तरी औषध कंपनीत नोकरीची सोय राहते. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत सेरोटोनिनच्या १ए रिसेप्टरवर वर्षानुवर्षं काम झालंय, आणि हैदराबाद आपल्याला काही परकं नाही.

वेळ मात्र लागेल. पीएचडी होईस्तोवर पोरगी अठ्ठावीस-तिशीची होईल. तोवर लग्नाचा तगादा लावू नका, हे मी हात जोडून सांगतो.

फीची धास्ती घेऊ नका. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर आताच काढायला टाका. निकालानंतर तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.