आधी वाघ की आधी भोपळा?

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या बालवाडीसाठी पालकांनी वर्गणी काढून, पाठीवरील बाणांची बटणे दाबून वाट सांगायचे, मधमाशीच्या आकाराचे दोन बी-बॉट रोबो घेतले आहेत. मोठ्या गटातील पाच-साडेपाच वर्षांची मुले बटणे भराभर दाबतात, रोबो भलतीकडेच गेला की हसतात आणि पुन्हा दाबतात. यातून त्यांना क्रम कसा शिकवावा? गोष्टींचा तास कमी करून हा वेळ वाढवावा, असे काही पालकांचे म्हणणे आहे.
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : गोष्टींचा तास कृपया कमी करू नये, कारण रोबोचे काम त्या तासातूनच सुरू व्हायला हवे. या वयाच्या मुलांना ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द ठाऊक असतात. परंतु एखादी गोष्ट आधीच का घडावी लागते, हे त्यांना गोष्टीतून जितके नेमके उमगते तितके नुसत्या बटणांतून उमगत नाही. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट घ्यावी. वाटेत कोल्हा आणि वाघ भेटतात, जाडजूड होऊन परत येण्याचा वायदा करून ती सुटते, लेकीकडे तूप-रोटी खाते आणि भोपळ्यात बसून परतते. या प्रसंगांची चित्रे मुद्दाम चुकीच्या क्रमाने मांडून, भोपळा वाघाच्या आधी आला तर काय होईल, असे विचारावे. वाघ भेटलाच नाही तर भोपळ्यात लपायचे कशाला, हे मुलेच सांगतील.

मग हीच गोष्ट जमिनीवर आणावी. बी-बॉट एका दाबाला 15 सेंटीमीटर सरकतो, म्हणून पुठ्ठ्यावर तेवढ्याच बाजूचे चौकोन आखून त्यांत म्हातारीचे घर, कोल्हा, वाघ आणि लेकीचे घर यांची चित्रे चिकटवावीत. रोबोला हात लावण्यापूर्वी मुलांनी फरशीवर खडूने आखलेल्या मोठ्या चौकोनांतून ती वाट स्वतः चालावी. 1967 साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सिमॉर पॅपर्ट मुलांना हेच सुचवत असत, की त्या भाषेतील सूचनांवर फिरणारे पडद्यावरचे कासव कसे वळेल हे कळत नसेल तर आपणच कासव होऊन चालून पाहावे. आपल्या वर्गातही याची गरज भासेल, कारण उजवे बटण दाबले की रोबो उजवीकडच्या चौकोनात जाईल असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो जागच्या जागी काटकोनात वळतो आणि पुढे जाण्यासाठी वेगळा दाब लागतो.

रोबो ‘भलतीकडे’ जाण्याचे आणखी एक कारण तपासून पाहावे. या रोबोच्या स्मरणात आधीच्या सूचना राहतात आणि फुलीचे बटण दाबून त्या पुसल्या नाहीत, तर नव्या सूचना त्यांच्याच शेपटीला जोडल्या जातात. मूल दोनच बटणे दाबते, रोबो मात्र आधीची सगळी वाट चालून मग ती दोन पावले टाकतो आणि मुलाला वाटते, हा ऐकतच नाही. म्हणून प्रत्येक खेपेला आधी फुली, मग सूचना आणि शेवटी रोबोला चालू करणारे मधले हिरवे बटण, अशी शिस्त पहिल्याच दिवशी लावावी.

भराभर बटणे दाबण्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे बाणांची कार्डे. मुलाने वाट कार्डांनी मांडावी, मोठ्याने वाचावी आणि मगच बटणे दाबावीत. रोबो चुकला तर कार्डे उचलू देऊ नयेत. दुसऱ्या मुलाने एकेका कार्डावर बोट ठेवत रोबोबरोबर पुढे सरकावे आणि जिथे दोघांची फारकत होते ते कार्ड शोधावे. माझ्या मते खरे शिकणे या शोधात आहे, त्यामुळे उत्तर सांगण्याचा मोह शिक्षिकेने इथे आवरायलाच हवा. मुले सरावली की म्हातारीला परत आणायला सांगावे. जाताना तीन पावले पुढे, उजवे वळण आणि दोन पावले पुढे अशी वाट असेल, तर येताना दोन उजव्या वळणांनी तोंड फिरवून दोन पावले, मग डावे वळण आणि तीन पावले लागतात. उजव्याचे डावे कसे झाले, यावर वर्गात पुष्कळ बोलू द्यावे.

पालकांना एवढे सांगता येईल, की लहान मुलांच्या शिक्षणातील रोबोंवर संशोधन करणाऱ्या मरीना बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, आठवडाभर रोबोंबरोबर काम केलेल्या बालवर्गातील मुलांची प्रगती त्यांनी चित्रकथा क्रमाने लावण्यावरूनच मोजली होती आणि ती वाढलेली दिसली.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आहे. आम्ही करवीर तालुक्यातील खेड्यात राहतो. असा रोबो घरी घ्यायलाच हवा का?
– एक आजोबा

उत्तर : मुळीच नाही. आजोबांनीच रोबो व्हावे आणि नातवाने सांगितले तेवढेच, सांगितले तसेच करावे. ‘वळा’ म्हणाला तर वळून तिथेच थांबावे. दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू झाली की त्याला एखाद्या गुऱ्हाळावर न्यावे. उसाचा रस काढणे, तो काहिलीत उकळणे, भेंडीचा रस घालून वर आलेली मळी काढणे, पाक वाफ्यात ओतणे आणि साच्यांत रवे भरणे, यांची चित्रे घरी त्याच्याकडून काढून घ्यावीत आणि ती लावताना ‘मळी शेवटी काढली तर?’ असे विचारून त्याला उत्तरासाठी हवा तेवढा वेळ द्यावा.