पोर्शेच्या नव्या ७१८ स्पोर्ट्स कारसाठी थांबू, की जुनी घेऊ? जादा पैशांत मिळणारे पर्याय कोणते निवडू?

पेट्रोलचा आवाज हवा असेल तर थांबू नका, जुनीच शोधा. पेट्रोलवाल्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये बंद झालं. नवी मुळात इलेक्ट्रिक असणार होती. फक्त वरच्या आवृत्त्या पेट्रोलवर देऊ, असं कंपनीनं नंतर सांगितलं. म्हणजे त्या महागच पडणार.

पर्यायांत सिरॅमिक ब्रेकवर, म्हणजे भन्नाट वेगासाठीच्या महागड्या ब्रेकवर, पैसे घालू नका. कर्वे रोडवर संध्याकाळी दुसऱ्या गिअरच्या पुढं जाता का कधी? हवा खेळणाऱ्या सीट मात्र घ्याच, एप्रिलमधल्या पुण्यात पाठीला कळतं. इंजिन मध्ये असल्यानं डिकी दोन. माझा मित्र पुढच्या डिकीत लाकडाची फळी ठेवतो! सोसायटीच्या उताराला ती लावली नाही, की खालून खर्रर्र.