गॅरेजमधली लिफ्ट, उपटलेले बोल्ट आणि "माल परत नाही"

काका, मेल वाचला, फोटो पण बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका रिटायर झालेत, कोल्हापूरला स्वतःचा बंगला, जुन्या गाड्यांचा नाद. पाच महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये २ लाख ३५ हजारांची टू-पोस्ट कार लिफ्ट (दोन खांबांमध्ये गाडी उचलणारी) बसवली, चौथ्या दिवशी इनोव्हा क्रिस्टा वर असताना एका खांबाचे अँकर बोल्ट उपटायला लागले, फरशीला तडा गेला, नशीब खाली कोणी नव्हतं. डीलर म्हणतो सिव्हिल काम, म्हणजे फरशी-बांधकाम, तुमची जबाबदारी, आणि बिलावर छापलेलं दाखवतो, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आता काय करायचं, हा काकांचा प्रश्न.

आधी पोलिसांचं. चारशेवीस टाकू का विचारलंय तुम्ही (आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, पण तोंडात चारशेवीसच येतं), तर नको. डीलरला पहिल्यापासूनच लुबाडायचं होतं हे दाखवावं लागतं, इथे माणसाने पैसे घेऊन लिफ्ट दिली, बसवून दिली, फक्त चुकीची दिली. चौकीत चकरा मारून शेवटी "दिवाणी वाद आहे" एवढंच ऐकून परत याल.

खरा प्रश्न एकच, लिफ्ट निवडली कोणी? १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ म्हणतं की वस्तू कशासाठी हवीये ते विकणाऱ्याला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून घेतली, तर ती त्या कामाला चालणारी असलीच पाहिजे, बिलावर लिहिलेलं असो नसो. पण त्यातच एक पळवाट आहे, ठरावीक वस्तू ब्रँडचं नाव घेऊन मागितली असेल तर ही अट लागत नाही. आणि तुम्ही मेलमध्ये मोकळ्या मनाने लिहून बसलात, "मीच व्हिडिओ बघून टू-पोस्ट मागितली". समोरचा वकील हे वाक्य धरून ठेवणार. मात्र टू-पोस्ट हा प्रकार झाला, ब्रँड नव्हे, आणि त्यानंतर तुम्ही गॅरेजची मापं, छत दहा फूट, खाली मुरूम त्यावर तीन इंच पीसीसी (साधं, सळ्या नसलेलं काँक्रीट) आणि वर कोटा फरशी, असं सगळं फोटोसकट व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि त्याचं उत्तर आलं "हो सर बसेल, काही टेन्शन नाही". काका, तुमची केस म्हणजे हा मेसेज आहे. टू-पोस्टमध्ये सगळं वजन दोन खांबांच्या बुडाशी येतं आणि बोल्ट उपटायला बघतं, म्हणून खाली जाड, पक्कं काँक्रीट लागतं हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर कोणाला असणार? आणि क्रिस्टा जवळपास सहा फूट उंच, दहातून सहा गेले की उरले चार, म्हणजे गाडी चार फुटांच्या वर जाणारच नाही, हा हिशोब तर शाळेतला पोरगाही करेल. शिवाय कोट्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकले ते त्याच्याच माणसाने, मग सिव्हिल कामाचं छापील वाक्य फार पुढे जात नाही.

"माल परत नाही" ला तर घाबरूच नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीये. तुम्ही पाचव्या दिवशीच मेसेज टाकलाय, छान केलंत. पण परवा "बघू तरी" म्हणून जीप चढवलीत ते बंद करा, जिवाला धोका आहेच, वर वापरत राहिलात तर माल स्वीकारला असं धरतात आणि मग परत करायचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई उरते.

आता दुखरी बाजू. बिल मुलाच्या फर्मच्या नावावर घेतलंत, जीएसटीचं क्रेडिट मिळावं म्हणून (खरेदीवर भरलेला कर फर्मच्या करातून वळता होतो). व्यापारी कामासाठी घेणारा ग्राहक नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप असणार. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टला नर्सेससाठी घेतलेल्या फ्लॅट्सच्या बाबतीत ग्राहक मानलं होतं, म्हणजे नाव कोणाचं यापेक्षा मूळ हेतू काय ते बघतात, आणि घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो, पैसे तुमच्याच खात्यातून गेलेत. म्हणून तक्रार दोघांच्या नावाने करा. पण घरगुती वापराच्या वस्तूवर क्रेडिट चालत नाही, ते आधी सीएला सांगून व्याजासकट उलटवा, नाहीतर ग्राहक आयोगात हौस सांगायची आणि जीएसटीत धंदा दाखवायचा, अशाने दोन्हीकडे अडकाल.

या आठवड्यात सरकारी पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिलवाल्यांकडून फरशीचा लेखी रिपोर्ट घ्या, दुरुस्ती त्याच्या आधी करू नका. चॅट डिलीट नको, फोन बदलू नका, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट जोडू. मग स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस. डीलर पुण्याचा असला तरी तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच होते, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची.

नोटीस गेली की बहुतेक तो बदलून द्यायला तयार होईल. फोर-पोस्ट देतो म्हणाला तर भुलू नका, वजन चार ठिकाणी वाटलं जाईल पण छत काही वर जात नाही. त्या गॅरेजला कमी उंचीची सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडून गाडी उचलणारी) बरी, तीही फरशीचा रिपोर्ट त्याच्या हातात देऊन, "या फरशीवर चालेल" असं लेटरहेडवर लिहून घेऊन, आणि किमतीतला फरक, फरशीचा खर्च, जुनी काढून न्यायचं भाडं सगळं त्याच कागदावर. तोंडी काही नको.