मुलीचं करिअर, वडिलांची किडनी

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची आहे. गुजरात बोर्डातून १२वी सायन्स, ८१ टक्के. गणित सोडायचं नाही म्हणून हट्टाने एबी ग्रुप (गणित आणि जीवशास्त्र दोन्ही) घेतला. नीट दोनदा दिली. वर्षभर ड्रॉप घेऊनही ४३८ मार्कच पडले. सहा वर्षांपूर्वी माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी पत्नीने दिली. तेव्हापासून माझ्या गोळ्या-रिपोर्ट सगळं मुलगीच बघते. ती मैत्रिणीकडे राहायला गेली तर माझी गोळी राहून जाते. तिने डॉक्टर होऊन रिजेक्शनवर (शरीर परकी किडनी नाकारतं त्यावर) संशोधन करावं, अशी आमची इच्छा आहे. आईने एवढं दिलं, तर मुलीने एवढं करायला हरकत नसावी. पण ती तिसऱ्यांदा नीटला बसायला तयार नाही. दिवसभर लॅपटॉपवर माझ्या रिपोर्टचे आलेख काढत बसते. मध्यंतरी टॅक्रो लेव्हल (रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचं रक्तातलं प्रमाण) जास्त आली, तर ‘रक्त गोळी घेतल्यावर काढलं’ म्हणून लॅबवाल्याशी भांडून आली. तिला कसं समजवावं?
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: नमस्कार. मार्कांचं नंतर बघू. ‘आईने एवढं दिलं, तर मुलीने एवढं करायला हरकत नसावी’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. घरात ते कितीदा बोललं जात असेल, या विचाराने मला काळजी वाटली.

ट्रान्सप्लांटच्या आधी तुमच्या पत्नीला वेगळं बसवून विचारलं असेल, की कोणी भरीस तर घातलं नाही ना? अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यामुळे किडनी देणाऱ्याला हा प्रश्न विचारावाच लागतो. आयुष्याची दहा-बारा वर्षं देणाऱ्या मुलीला मात्र तो कोणी विचारत नाही. तुमची किडनी बदलली तेव्हा ती १३ वर्षांची होती. त्या वयापासून वडिलांच्या गोळ्यांचा डबा तिच्या हातात आहे, आणि आता आईच्या दानाची परतफेडही तिच्याच नावावर मांडताय. हे प्रेमापोटी होतंय याबद्दल मला शंका नाही. पण प्रेमापोटी टाकलेलं ओझंसुद्धा ओझंच असतं, आणि ते नको म्हणायलाही मुलांना चोरी होते.

तेव्हा पहिला सल्ला तुमच्यासाठी. गोळ्यांचा डबा आजच स्वतःकडे घ्या. मोबाइलवर सकाळी ९ आणि रात्री ९ असे दोन गजर लावा. ट्रान्सप्लांटला काही वर्षं झाल्यावर जे रिजेक्शन होतं, त्यामागे गोळ्या चुकणं हे एक मोठं कारण असतं; तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी हे कानीकपाळी ओरडून सांगितलं असणार. मुलगी मैत्रिणीकडे गेली की गोळी राहते, हे वाक्य मला तिच्या नीटच्या मार्कांपेक्षा फार गंभीर वाटलं. आणि थोडा हिशेब करा: एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, डीएमची आणखी तीन, मग कुठे संशोधन. सगळं सुरळीत झालं तरी तुमच्या किडनीच्या उपयोगाचं काही हाती लागेल, या आशेवर तिला कॉलेजात पाठवू नका.

आता ते लॅबमधलं भांडण. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. पण पत्रात मुलीबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट तीच आहे. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी बघायची असते. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो. तो खरा मानून डोस कमी केला, तर औषध कमी पडतं आणि रिजेक्शनचा धोका वाढतो. तुमच्या मुलीने आलेखावर एक ठिपका भलतीकडे गेलेला पाहिला, आणि घाबरून न जाता आधी विचारलं की हा आकडा मोजला कसा. एम.एससी. झालेल्या मुलांनाही हा प्रश्न सुचेलच असं नाही. (लॅबवाल्याशी जरा सौम्यपणे बोलायला हवं होतं, ते तिला सांगा हवं तर.)

पण डॉक्टर झाल्याशिवाय या विषयात संशोधन करता येत नाही, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. उलट या विषयाचा पाया रचण्यात डॉक्टर नसलेल्यांचा मोठा वाटा आहे. पीटर मेडावार प्राणिशास्त्र शिकलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोत एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाची त्वचा लावली होती. दुसऱ्या खेपेला लावलेली त्वचा पहिलीपेक्षा लवकर नष्ट झाली. म्हणजे शरीर परक्याला ओळखतं आणि लक्षातही ठेवतं, हे गिब्सन नावाच्या सर्जनबरोबर त्यांनी १९४३ मध्ये मांडलं. १९६० साली नोबेल मिळालं. दाता आणि रुग्ण यांची जुळणी बघणारी ऊती-तपासणी ज्यांनी सोपी केली, ते पॉल तेरासाकीही प्राणिशास्त्राचेच. सिरोलिमस हे रिजेक्शन रोखणारं औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते शोधणारे सुरेन सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसी शिकलेले. आणि ट्रान्सप्लांट झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए मोजून रिजेक्शन ओळखता येईल, हे २०११ मध्ये हृदयाच्या रुग्णांवर दाखवणारे स्टीफन क्वेक तर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. रुग्णावर उपचार करायला, बायोप्सीची सुई घालायला डॉक्टरच लागतो. बाकीच्या कामाला नीटचा शिक्का लागत नाही.

क्वेक यांचं हे शेवटचं काम तुमच्या मुलीला नक्की वाचायला द्या. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं दिसतं तोवर बहुतेक वेळा किडनीला इजा होऊन गेलेली असते, ही जुनी अडचण. पण तुमच्या रक्तात तुमच्या पत्नीच्या डीएनएचे बारीक तुकडे सतत फिरत असतात, कारण तिची किडनी तुमच्यात काम करतेय. त्या किडनीच्या पेशी जास्त मरू लागल्या की ते तुकडे वाढतात. प्रमाण नेहमी अगदी थोडं असतं; एका चाचणीत १ टक्क्याच्या वर गेलं तर संशय घ्यायचा, असं धरतात. इजा रिजेक्शनमुळे झाली की जंतुसंसर्गामुळे, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी अजून बायोप्सीच करतात. आता विचार करा, हजारो तुकड्यांतून नवऱ्याचे कुठले, बायकोचे कुठले हे वेगळं काढायचं आणि वाढ खरी आहे की मोजमापातली गडबड ते ठरवायचं, हे काम कोणाचं? ते संख्याशास्त्र येणाऱ्याचं. गणित सोडायचं नाही म्हणून एबी ग्रुप घेणाऱ्या मुलीचं.

रिजेक्शन रोखायच्या बाजूलाही भरपूर काम बाकी आहे. आजची औषधं सगळीच प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून संसर्ग, मधुमेह वगैरे मागे लागतात. औषधांशिवाय शरीराने परका अवयव आपला मानावा, यासाठी अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एच. एल. त्रिवेदींनी मूलपेशी वापरून बरीच वर्षं प्रयत्न केले. हे बडोद्याहून दोन तासांवर घडलंय.

वाटा थोडक्यात. एम.एस. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी तिन्ही आहेत, आणि दांडिया बाजारातून सायकलवर जाता येतं; प्रवेश गुजरात सरकारच्या जीकॅस पोर्टलवरून. आयसर या विज्ञान संस्थांची परीक्षा द्यायची तर १२वी कधी झालेली चालते, ते यंदाच्या पत्रकात बघा. पुढे एम.एससी., नेट, मग पेशींवर संशोधन करणारं पुण्याचं एनसीसीएस, दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी अशा ठिकाणी पीएच.डी. ज्युनियर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. त्यात तिचं भागेल, बंगला बांधून होणार नाही. तिशी येईपर्यंत ती शिकतच असेल, आणि नातेवाईक लग्नाचं विचारतील. तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने बोलणार का, तेही आत्ताच ठरवा.

एवढं सगळं सांगूनही एक शक्यता उरते, आणि तुम्हाला ती आवडणार नाही. मुलीला कदाचित आलेख आवडत असतील आणि किडनी हा विषय नकोसा झाला असेल. सहा वर्षं घरात तेच बोलणं ऐकलेल्या मुलीला तसं वाटलं, तर त्यात कृतघ्नपणा नाही. ती संख्याशास्त्र शिकून विमा कंपनीत गेली, हवामानखात्यात गेली, तरी तुमच्या पत्नीची किडनी वाया गेली असं होत नाही.

तिसऱ्या नीटचा फॉर्म भरू नका. हे उत्तर तिला वाचायला द्या आणि काही दिवस त्यावर घरात चर्चा करू नका. पुढे काही विचारायचं असेल, तर ते पत्र तिला लिहू द्या. तुम्ही वाचून, दुरुस्त करून पाठवू नका.