पोह्यातलं तेल

"मॅडम, मला कळतं हो सगळं. पण त्या क्षणाला वळत नाही."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. बोलणारी कधी आई असते, कधी सासू, कधी शाळेतली मुख्याध्यापिका. हल्ली बाबा मंडळीही येतात, फक्त त्यांच्या तोंडी ते "माझा स्वभावच तापट आहे" असं येतं. घरातल्यांनी काय खावं, कधी उठावं, कुणाशी किती बोलावं, कपाटात टॉवेलची घडी कशी घालावी, हे सगळं आपणच ठरवायचं. तसं झालं नाही की जिभेवर येईल ते बोलून मोकळं व्हायचं. आणि रात्री दिवा मालवला की आपण किती वाईट आहोत याची उजळणी करत पडायचं. सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा सगळ्यांना मी एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत, तेलाचा मात्र तसाच ठेवलाय.

ताई 2019 साली आल्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. बँकेत नोकरी, मुलगा बारावीत, नवरा शांत (त्यांच्या शब्दांत 'थंड'). खुर्चीत बसल्या आणि बोलायला लागण्याआधी माझ्या टेबलावरच्या फायली उचलून कडेला कड लावून ठेवल्या. मग स्वतःच ओशाळल्या.

"हेच. हेच बघा. हेच घेऊन आलेय मी."

घडलं होतं ते असं. रविवारी त्यांचा वाढदिवस होता. मुलगा सकाळी सहाला उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा पोहे केले. ताई आवाजाने जाग्या होऊन स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "अरे देवा, एवढं तेल! आणि ओट्याची काय दशा केलीस? तू काही करायला जाऊ नकोस बाबा, तेवढीच मला मदत."

मुलगा काही बोलला नाही. भरलेली बशी ओल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली, बशी घासली, आणि आईला लागते तशी रॅकमध्ये उपडी ठेवली. मग खोलीत जाऊन दार लावलं.

"आपटलं असतं तर बरं वाटलं असतं," ताई म्हणाल्या. "हळूच लावलं हो."

त्याला अकरा दिवस झाले होते. 'हो', 'नाही' आणि 'जेवलोय' याखेरीज शब्द नाही. असा अबोला त्यांच्या घरात नवा नव्हता. एकदा ताईंचा पट्टा सुरू झाला की पुढचे चार-पाच दिवस घर मुकं व्हायचं. या वेळी मुक्काम लांबला होता.

"मला दोन फटके द्या हवं तर, पण सुधारा."

इथे माझी चूक सांगते. मी त्यांना एक वही घालायला सांगितली. ज्या ज्या वेळी तोंडून लागेल असं काही जाईल ते टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी आपण बघू. अनेकांना याचा उपयोग होतो. पण समोर कोण बसलंय याचा मी विचार करायला हवा होता.

दोन आठवड्यांनी वही आली. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, कोणाला, काय बोलले, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. प्रत्येक पानाखाली बेरीज, पुढच्या पानावर 'मागील पानावरून पुढे'. शेऱ्यांची शाई लाल. "निर्लज्ज." "आई म्हणवून घ्यायची लायकी नाही." "कधी अक्कल येणार?" "लक्ष कुठे असतं तुझं?"

मी वही मिटली नाही, तशीच त्यांच्याकडे फिरवली. "ताई, हे शेरे तुमच्या मुलाच्या वहीत कुणी लिहिले तर?"

त्या वाचत राहिल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुणी कशाला? मीच हे बोलते त्याला. हेच शब्द."

मी पुष्कळ वर्षं हे काम करते आहे, आणि खरं सांगायचं तर एवढी स्पष्ट कबुली क्वचित कानावर पडते. मीही गप्प राहिले. अशा वेळी आपण बोलायचा मोह आवरला तर समोरचं माणूस स्वतःच पुढे जातं, हे मला अनुभवानेच शिकवलंय. थोड्या वेळाने मी एवढंच विचारलं, "ओरडून माणूस सुधारतं?"

"नाही. तो तर अजून कोषात गेला."

"मग तुम्ही कशा सुधाराल?"

ताई हसल्या आणि हसता हसता रडल्या.

त्या संध्याकाळी घरी जाताना लोकलमध्ये मी याच गोष्टीचा विचार करत होते. दुसऱ्यावर हुकूमत गाजवणारं माणूस स्वतःचे लाड करत असेल असं आपल्याला वाटतं. माझ्यासमोर आलेली बहुतेक माणसं उलट निघाली. घरच्यांच्या मानेवर जो फौजदार बसवलेला असतो, तो त्यांच्या स्वतःच्या मानेवर कितीतरी आधीपासून बसलेला असतो. मुलाला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं, आईला ते आतल्या आत शंभर वेळा ऐकू येतं. आणि आपण वाईट आहोत असं ज्याला सतत वाटतं, त्याला चांगलं असल्याचे पुरावे लागतात. चकचकीत ओटा, मुलाचे नव्वद टक्के, वेळेवर उघडलेला डबा हे सगळे पुरावे. त्यातला एक जरी ढळला की आपल्यावरचा आरोप सिद्ध झाला! मग समोरच्यावर आग पाखडली जाते, त्याचा पश्चात्ताप होतो, पश्चात्तापाने आपण आणखी वाईट ठरतो, आणि आणखी पुरावे गोळा करावे लागतात. म्हणजे ज्या पश्चात्तापाला आपण औषध समजतो, त्यावरच हा आजार पोसला जातो.

माझी बैठक कुठली हे जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडायला सुरुवात केली आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी जी मराठी माणसाच्या भाषेत रुजवली, त्या वाटेवरची मी. तिचं एक सूत्र मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'मी वाईट बोलले' हे तपासता येतं, दुरुस्त करता येतं. 'मी वाईट आहे' याचं काय करणार? त्यावर रडण्याखेरीज काही करता येत नाही. स्वतःला विनाशर्त स्वीकारायचं म्हणजे आपल्या चुकीला चूक म्हणायचं, आणि तरी स्वतःला घराबाहेर काढायचं नाही.

पुढच्या भेटीत मी पोह्यांकडे परत गेले. "ओटा पसरला होता, पोहे बहुधा चिकट झाले होते, सकाळी सहाला भांड्यांचा आवाज झाला होता. मग तोंडातून पहिला शब्द 'तेल'च का आला?"

ताईंनी आधी खांदे उडवले. मग लालबागची चाळ आली.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात ताईंचे वडील. ताई दहा वर्षांच्या, पाठीवर दोन भाऊ. पगार थांबला. आई पापड लाटायची. रेशनचं तेल एका काचेच्या बाटलीत असायचं आणि आई बाटलीवर कोळशाने रेघ मारायची. महिना संपेपर्यंत तेल या रेघेखाली जाता कामा नये. लक्ष ठेवायचं काम ताईंकडे. एक दिवस धाकट्या भावाचा धक्का लागून बाटली कलंडली. आईने भावाला काही केलं नाही. ताईंच्या मुस्काटात दिली आणि म्हणाली, "लक्ष कुठे होतं तुझं?"

हे वाक्य बोलून ताई थांबल्या. वहीतला लाल शेरा त्यांना आठवला होता, मलाही.

"आईला तरी काय बोलू," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी मी असते तर... आणि खरं सांगू? त्या वर्षी आम्ही उपाशी राहिलो नाही. मी रेघ सांभाळली."

"सांभाळलीत. पाच माणसांचं घर दहा वर्षांच्या मुलीने सांभाळलं. त्याबद्दल कुणी तुम्हाला कधी शाबासकी दिली?"

बराच वेळ गेला. मग बँकेतल्या बाईंना शोभेल असं वाक्य आलं, आणि ते मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितलं आहे. "शाबासकीचं सोडा मॅडम. माझ्याकडून चार्जच कुणी घेतला नाही. संप मिटला, बाबा दुसरीकडे लागले, लग्न झालं, घरात डब्याने तेल येतं. मी आपली अजून रेघेवर उभी."

स्वतःवर करुणा म्हणजे काय, हे मला याहून चांगलं सांगता येणार नाही. आपली वाईट सवय कधीकाळी आपल्या कामी आलेली असते. तिला हाकलून द्यायला गेलं की ती दार धरून बसते. तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, 'तू तेव्हा घर वाचवलंस, आता चार्ज दे' असं म्हटलं, तर तिची पकड सैल पडायला लागते. रामदासांनी मनाला दोनशे पाच श्लोक ऐकवले. उपदेश कमी केला नाही, पण हाक मारली ती 'सज्जना' म्हणून! लाल शाईतली 'निर्लज्ज' ही हाक आणि ही हाक, कोणत्या हाकेला मन 'ओ' देईल?

ताईंना आता माफी मागायची होती. पहिला मसुदा असा होता: "माझं चुकलं, पण तूही एवढं तेल..." आम्ही त्यातला 'पण' आणि त्याच्या पुढचं सगळं काढून टाकलं. माफीत 'पण' आला की पुढचं वाक्य वकिलाचं असतं. शेवटी उरलं ते एवढंच, "तू माझ्यासाठी पोहे केलेस आणि मी तुला लागेल असं बोलले. माझं चुकलं." ताई ते बोलल्या. मुलाने एका कानातला इअरफोन काढला, "ठीके" म्हणाला आणि परत घातला.

ताई माझ्याकडे तणतणत आल्या. "एवढं मन मोकळं केलं आणि हा ठीके म्हणतो!"

म्हटलं, "ताई, पैसे भरलेत ना? पावती मागू नका." माफीनंतर समोरच्याने कधी आणि कसं विरघळायचं हेही आपणच ठरवायला निघालो, तर फौजदार पुन्हा ड्युटीवर आलाच की.

एरवीचं काम अगदी साधं होतं. आम्ही एक खूण शोधली. जीभ सुटण्याआधी ताईंचा उजवा हात ओटा पुसायच्या फडक्याकडे जातो. फडकं हातात आलं की पुढच्या श्वासाला वाक्य बाहेर. तुमची खूण वेगळी असेल, दात आवळले जात असतील, चष्मा वर सरकवला जात असेल. घरच्यांना विचारा, त्यांना ती तुमच्या आधी माहीत असते. ताईंचं ठरलं होतं, फडकं हातात आलं की ते ठेवायचं आणि गॅलरीत जायचं. तिथे स्वतःला दम द्यायचा नाही, "घाबरलीस का? तेल आहे भरपूर" एवढंच म्हणायचं. पहिल्या महिन्यात चारातून एकदा जमलं. शिवाय महिन्याला एकच गोष्ट हातातून सोडायची. पहिल्यांदा मुलाचं कपाट सोडलं. सगळंच एकदम सोडायला जाणारी माणसं आठव्या दिवशी दुप्पट जोराने परततात, म्हणून एकच. कपाटाचं दार उघडं दिसलं तर लोटायला परवानगी होती, आत बघायला नव्हती.

एक मात्र बजावून सांगते. 'मी असा आहे, मी स्वतःला स्वीकारलंय, तुम्ही जमवून घ्या' असं म्हणणारे एक गृहस्थ माझ्याकडे येऊन गेले. पत्नीला चारचौघांत टाकून बोलायची त्यांना सवय होती. माझ्या एका व्याख्यानातून 'स्वीकार' हा शब्द तेवढा उचलून नेला होता त्यांनी. हा स्वीकार नव्हे, हा माज. आणि जे अशा माणसांसोबत राहतात त्यांनी समोरचा स्वतःवर करुणा करायला शिकेपर्यंत सोसत बसायचं कारण नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात महिलांसाठी शाब्दिक आणि भावनिक छळाचाही समावेश आहे. हात उगारला जात असेल तर आधी सुरक्षितता, समुपदेशन नंतर. बोलायला कुणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ताईंच्या भेटी सात-आठ महिन्यांत थांबल्या. अधूनमधून फोन येतो. मागच्या वर्षी एका संध्याकाळी आला.

"मॅडम, काल परत झालं. त्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला होता. सुटलेच मी."

"मग?"

"मग गॅलरीत गेले. मग येऊन सांगितलं, की आवाज माझा चढला, टॉवेल मात्र उचल. उचलला त्याने."

"अबोला?"

"अर्धा तास असेल. मग त्यानेच विचारलं, भाजी कोणती आहे." जराशा थांबल्या. "शेरा नाही लिहिला हो मी. ठेवते आता, कुकरच्या तीन झाल्या."