अपग्रेड केलं आणि मेन्यूच गायब, आता भांडायचं कोणाशी?

प्रश्न: मी एपीटीवालं (म्हणजे एपीटी या प्रोग्रामने सॉफ्टवेअर टाकायचं-अपग्रेड करायचं असं) लिनक्स वापरतो. परवा नेहमीसारखं अपग्रेड मारलं, एकही एरर नाही, आणि नंतर बघतो तर रोजच्या प्रोग्राममधला स्कॅनरचा मेन्यूच नाही! अर्धी रात्र सेटिंगशी झटापट केली तेव्हा कळलं की पॅकेजवाल्यांनी (मूळ प्रोग्राम बांधून लिनक्सवर टाकण्याजोगा करणाऱ्यांनी) तो भाग काढून वेगळ्या पॅकेजात टाकलाय. तक्रार केली तर म्हणे "न्यूज फाईलमध्ये (पॅकेजसोबत येणारी बदलांची सूचना) लिहिलंय, वाचायचं ना". फुकट मिळतं म्हणून ऐकूनच घ्यायचं का?
– एक वैतागलेला वाचक

उत्तर: ऐकून घेऊ नका, पण भांडण कशाचं आहे ते आधी बघू. अगदी असाच राडा 2024 च्या मे महिन्यात डेबियन या लिनक्समध्ये झाला होता. कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरच्या पॅकेजमधून मेंटेनरने (म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याने) ब्राउझर जोडणी, नेटवर्कचे भाग वगैरे सगळं काढून टाकलं आणि ज्यांना हवं त्यांनी 'कीपासएक्ससी-फुल' घ्या म्हणाला. त्याचं म्हणणं, पासवर्ड ठेवायच्या प्रोग्रामात जितका कोड कमी तितक्या हल्ल्याच्या वाटा कमी. एक्सझेड या लिनक्समध्ये सर्रास असणाऱ्या फाइल-दाबणीच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी लपवलेला बॅकडोअर (चोरदरवाजा) मार्चच्या शेवटी सापडला होता, म्हणजे लोकांच्या मनात धास्ती होतीच. तिकडे मूळ प्रोग्राम लिहिणारे भडकले, कारण कापाकापी केली पॅकेजवाल्याने आणि "ब्राउझर चालत नाही" म्हणून लोक येणार यांच्या दारात.

माझं मत विचाराल तर कापायला हरकत नाही, पण जुन्या नावाखाली कापू नये. ज्याच्याकडे आधी सगळं होतं त्याला त्याच नावाने सगळंच मिळावं, आणि कापलेल्याला हवं तर 'मिनिमल' नाव द्या की! नाव तेच ठेवून आतला माल बदलला की अपग्रेड करणाऱ्याला पत्ताच लागत नाही. उबुंटू 22.04 या लिनक्समध्येही एपीटीने फायरफॉक्स टाका, येतं मात्र स्नॅप, म्हणजे उबुंटूचा स्वतःचा वेगळा पॅकेज-प्रकार. आणि उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंटने तर 2020 मध्येच मिंट 20 पासून एपीटीला परस्पर स्नॅपडी (स्नॅप चालवणारा प्रोग्राम) टाकायला बंदी घातली होती, आता बोला.

मेंटेनरची बाजूही आहे हां. बहुतेक जण स्वयंसेवक, आणि स्टेबलमध्ये (डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत) एकदा पॅकेज गेलं की पुढची कित्येक वर्षं त्यातल्या सिक्युरिटीच्या भानगडी त्याच्याच गळ्यात. म्हणून तो नको ते भाग काढायला बघतो. पण "न्यूज फाईल वाचा" हे उत्तर मला पटत नाही, कारण ती फाईल अपग्रेडच्या वेळी समोर यायला एपीटी-लिस्टचेंजेस हा वेगळा प्रोग्राम टाकलेला लागतो, नाहीतर ती यूएसआर-शेअर-डॉक (/usr/share/doc) फोल्डरच्या आत झिप होऊन पडून राहते, तिथे कोण जातंय!

तुमच्यापुरतं सांगायचं तर वेगळं काढलेलं पॅकेज टाका, मेन्यू येईल. 'रेकमेंड्स' (पॅकेजसोबत आपोआप येणारी शिफारस केलेली पॅकेजं) बंद करून ठेवलंय का तेही बघा, कारण असे तुकडे बरेचदा रेकमेंड्समध्येच ढकलतात आणि ते बंद असेल तर येतच नाहीत. पुढच्या वेळी काय कधी बदललं हे शोधायला व्हार-लॉगमधली एपीटीची हिस्टरी फाईल (/var/log/apt/history.log) बघा, सेटिंगशी झटापट नंतर. आणि बग (म्हणजे तक्रार) टाकाल तो डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्सच्या) पॅकेजवर टाका, मूळ प्रोग्रामवाल्यांकडे नको, त्यांच्या हातात यातलं काहीच नाही. जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन, कुठला मेन्यू गेला, एवढंच लिहा, शिव्या वगळून.