पक्षीवही : "ताई, हा धरू का?"

डिसेंबर लागला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये लोक फोटो पाठवून विचारतात, "हा कोणता?" डिसेंबरात विचारतात, "हा धरू का?", म्हणजे वर्षाच्या यादीत मोजू का? मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होते. वर्षअखेरीला आकडा जुळवायची तगमग मला नवी नाही. यंदाच्या गठ्ठ्यातली सात पत्रं घेतली आहेत, बाकीच्यांनी रागावू नये.

ताई, जानेवारीपासून वर्षाची यादी ठेवतोय. 194 जाती झाल्या. 31 डिसेंबरच्या आत 200 करायच्याच आहेत. कुठे जाऊ? मित्र म्हणतो, वर्षभरात पाच-सहा "बहुतेक" पाहिलेत, ते धरून टाक.
— एक वाचक, नाशिक

नांदूर मध्यमेश्वरला तुम्ही यंदा आठ-दहा फेऱ्या मारल्या असणार. अकराव्या फेरीतही तीच थापटे आणि चक्रवाक बदकं दिसतील. त्यापेक्षा यादीत काय नाही ते वाचा. नाशिककरांच्या याद्या पाण्याने तुडुंब आणि माळाने कोरड्या, हा माझा जुना अनुभव. तिरचिमण्या किती? चंडोल किती? धाविक, पखुर्डी, भोवत्या? एक सकाळ उघड्या माळावर पायी घालवा, गाडीतून नको. संध्याकाळी तिथेच थांबा. ऊन उतरलं की भोवत्ये गवतात मुक्कामाला येतात, आणि अंधार पडल्यावर रातवा बोलला तर एक आणखी. सहापैकी चार तरी तिथेच निघतील.

आता "बहुतेक"चं. 2016 च्या 31 डिसेंबरला मी पुण्याजवळच्या कवडीपाटच्या जुन्या पुलावर उभी होते. यादी 199. हिरवी तुतारी राहून गेली होती. इतका साधा पक्षी वर्षभर हुकला याची लाजही वाटत होती. साडेपाच वाजले होते, पाण्यावर फेस, कडेला अडकलेल्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये एक तुतारी पाठमोरी. दुर्बीण लावेपर्यंत उडाली. पंखाखाली काळं दिसल्यासारखं वाटलं. "वाटलं" हा शब्द मी वहीत लिहिला नाही. "200. हिरवी तुतारी, 1" एवढंच लिहिलं आणि घरी जाताना अर्धा किलो जिलबी नेली.

पुढच्याच महिन्यात पाषाण तलावावर पायाजवळून खरी हिरवी तुतारी उडाली. वरून काळपट, कमरेवर पांढरीधोप, पंखाखाली काजळी. एखादी मोठी पाकोळीच जणू. वर ती किणकिणती शीळ. तिथे वाटण्या-बिटण्याचा प्रश्नच नव्हता. कवडीपाटावरची ठिपकेवाली तुतारी होती, आणि ती माझ्या यादीत मार्चपासूनच होती. घरी येऊन 200 खोडलं. लाल पेनने एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला तारीख आणि सही. बँकेच्या खातेवहीत खोडरबर चालत नाही.

2016 ची यादी 199 वर बंद झाली. जिलबी तोवर संपली होती.

नुसता आवाज ऐकला तर पक्षी मोजायचा का? मोबाइलने आवाजावरून नाव सांगितलं तर?
— एक वाचक, महाड

आवाज तुम्ही ओळखलात तर मोजा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही ऐकलेला पक्षी चालतो. पावशाचं "पेरते व्हा" ऐकून त्याला शोधायला झाडावर कोण चढतं? काही जण पाहिल्याशिवाय धरत नाहीत, तो त्यांचा सोवळेपणा. माझी हरकत नाही, फक्त वर्षभर एकच नियम ठेवा.

मोबाइलने ओळखला तर मात्र तो मोबाइलचा पक्षी. ताम्हिणीत माझ्या फोनने ठामपणे "शिक्रा" दाखवलं. वर पाहिलं तर भृंगराज, शेपटीच्या दोन्ही दोऱ्या हलवत शिक्र्याची नक्कल करत बसलेला. फोन फसला यात त्याचा दोष नाही, तो पक्षी इतर पक्ष्यांनाही फसवतो. ॲपने नाव सुचवलं की मान वर करायची, एवढाच त्याचा उपयोग.

मी शेतावर सुवर्णगरुड पाहिला आणि ई-बर्डवर टाकला. दोन दिवसांत कुणा स्वयंसेवकाचा मेल आला, "तपशील द्या." फोटो आहे, पण लांबचा. वीस वर्षं पक्षी पाहणाऱ्याला पुरावा मागणं हा अपमान नाही का?
— एक वाचक, सांगली

नाही हो. तो मेल लिहिणारा बिनपगारी माणूस तुमच्या नोंदीसाठी आपली रात्र घालवतोय. सुवर्णगरुड हिमालयाच्या बाजूचा. सांगलीच्या उसात तो आला तर ती बातमीच, आणि बातमीला कुणीही विचारणारच. तुमचा फोटो मी पाहिला. चोचीची फट डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली असेल तर नेपाळी गरुड, डोळ्याच्या मध्याशी थांबली असेल तर पिंगट गरुड. फोटो मोठा करून स्वतःच बघा. मला ती मध्याशी थांबलेली दिसते. पिंगट गरुड आपल्या दख्खनच्या माळाचाच, आणि तोही काही रोज दिसत नाही.

पुरावा का मागतात, त्याची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. वन पिंगळा नावाचं एक छोटं घुबड. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजून सात नमुने, म्हणजे भरण घालून जपलेले मेलेले पक्षी, जमा झाले, शेवटचा 1884 चा. त्यानंतर कुणाला दिसेना. फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या बड्या इंग्रज संग्राहकाकडे एक नमुना होता, त्याच्या चिठ्ठीवर 1914 आणि गुजरातेतलं मांडवी. एवढ्या मोठ्या माणसाला कोण विचारणार? चिठ्ठी खरी मानली गेली.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाई आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो मुळात माइनर्ट्‌झहागेनचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात खानदेशात गोळा केलेला. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश म्युझियममधून उचलला, आतलं भरण काढून नवं भरलं आणि आपली चिठ्ठी लावली. असे त्यांचे आणखीही पुष्कळ नमुने निघाले. मग बाईंनी मांडवी सोडून दिली आणि खऱ्या चिठ्ठ्या जिथल्या होत्या तिथे शोध घेतला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह, वन पिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. 113 वर्षांनी. नंतर तो मेळघाटात दिसला, तानशातही दिसला.

डेव्हिडसनची गावाची नोंद शंभर वर्षांनी कामाला आली, ती त्याने खरं गाव लिहिलं म्हणून. तर मेलला उत्तर द्या: अंतर, उजेड, किती वेळ दिसला, बसलेला की उडता. आणि नाव दुरुस्त करून टाका. तेवढ्याने वीस वर्षं काही कमी होत नाहीत.

आजी, मी सहावीत आहे. बाबांना सुटी नसते, त्यामुळे आम्ही कुठेच जात नाही. गॅलरीतून माझी यादी 23 वर अडकली. वर्गातल्या एका मुलाच्या काकांची 310 आहे. मी काय करू?
— सहावीतली एक मैत्रीण, चंद्रपूर

बाळा, त्या काकांना विचार, त्यांच्या गॅलरीतून किती? गप्प बसतील.

माझं घर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर. चौदा वर्षांत गॅलरीतून 61 जाती. त्यातल्या निम्म्या पहिल्या दोन वर्षांत झाल्या, मग वर्षाला दोन-तीन. एक अख्खं वर्ष एकही नवा नाही. त्या वर्षाच्या वहीत मात्र माझ्या आवडीच्या नोंदी आहेत. धोबी पक्षी कोणत्या तारखेला आला, दयाळ पहिल्यांदा कधी गायला, समोरच्या इमारतीचं पत्र्याचं शेड काढलं त्या आठवड्यानंतर चिमण्या किती उरल्या. शेड होतं तेव्हा अठरा, महिन्याने चार. आता वर्षाकाठी एखादी दिसते.

तू असं कर. रोज शाळेआधी 15 मिनिटं, घड्याळ लावून. दिसेल त्या प्रत्येक पक्ष्याचं नाव आणि संख्या. कबुतरंसुद्धा मोज, कंटाळा आला तरी. काही दिसलं नाही तर "काही नाही" असं लिही, पान कोरं सोडू नकोस. एक वर्ष झालं की तुझ्याकडे असं काहीतरी असेल जे 310 वाल्या काकांकडे नाही.

हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल आला. 30,000 हून जास्त लोकांनी लिहिलेल्या तीन कोटी नोंदींवरून 942 जातींचा हिशेब मांडला. 178 जातींची तातडीने काळजी घ्यायला हवी, असं निघालं. आपला दसऱ्याचा नीलकंठही कमी झालाय, हे त्यातून कळलं. तीन कोटींतल्या बऱ्याचशा नोंदी अशाच, कुणीतरी पाव तास उभं राहून लिहिलेल्या. तुझ्या 15 मिनिटांत नीलकंठ दिसला नाही, हेसुद्धा त्या हिशेबात धरतात. पण पाहिलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच. फक्त छान-छान लिहिलेस तर नाही.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात. तेव्हा बाईंना सांगून अख्खा वर्ग मैदानावर काढ. मला वही दाखवायला पाठव, मी परत पाठवीन.

कॅलिफोर्नियात मी गव्हाणी घुबड पाहिलं होतं, आणि पुण्यात माहेरी आले की वाड्याच्या आढ्यावरही पाहायचे. अचानक ॲपवर माझी आयुष्याची यादी एकने वाढली. मी काही केलं नाही!
— एक वाचक, सॅन होजे

बसल्या जागी पगारवाढ. 2024 मध्ये ई-बर्डच्या नामावळीत गव्हाणी घुबडाचे तुकडे पडले: अमेरिकेतलं वेगळं, युरोप-आफ्रिकेकडचं वेगळं, आपल्याकडचं पूर्वेकडचं म्हणून वेगळं. तुम्ही दोन पाहिलेली होतीत. जुन्या नोंदीत जागा बरोबर लिहिलेली होती, म्हणून ॲपला वाटणी करता आली. पेढे वाटा. पण कधी कधी दोन जातींची एक करतात, तेव्हा आकडा खाली येतो. त्या वेळी रागाचं पत्र मला पाठवू नका.

तिबोटी खंड्याचं घरटं एका गाइडने दाखवलं. रस्त्याकडेच्या मातीत बीळ, समोर नऊ कॅमेरे. गाइड मोबाइलवर त्याचाच आवाज लावत होता. पक्षी तोंडात सरडा घेऊन वीस मिनिटं फांदीवर बसून राहिला, आत गेला नाही. माझा लाइफर (आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली जात) झाला, पण चैन पडत नाही.
— एक वाचक, ठाणे

चैन पडू नयेच. आत पिल्लं उपाशी होती. लाइफर धरा, तुम्ही पाहिलाय. पण नोंदीत घरट्याची नेमकी जागा टाकू नका, आणि त्या गाइडला पुढच्या वर्षी पैसे देऊ नका. आवाज लावून पक्षी बोलावणं विणीच्या दिवसांत तर मुळीच नको. त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय. तो घास टाकून भांडायला येतो आणि तुम्हाला फोटो मिळतो. नऊ कॅमेऱ्यांतला एक आधी मागे सरला की बाकीचेही सरतात, हे मी दोनदा पाहिलंय. तो एक तुम्ही व्हा.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून दर रविवारी पहाटे चारला दुर्बीण घेऊन पसार. परत आले की "आज एकशे बहात्तर!" मला त्यातलं काही कळत नाही आणि नाश्ता गार होतो. उपाय सांगा.
— एक वाचक, दौंड

वहिनी, दौंडात राहून तक्रार करताय? भिगवण तुमच्या हाकेवर आहे. उजनीचं पाणी उतरायला लागलं की फेब्रुवारी-मार्चात कुंभारगावच्या काठाशी रोहित पक्षी येतात. एका रविवारी तुम्हीच त्यांना उठवा आणि बरोबर जा. तुम्हाला नावं पाठ करायची गरज नाही. ते यादी करतील, तुम्ही फक्त हळदी-कुंकू बदक शोधा. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके, नाव कुणा बाईनेच ठेवलं असणार. ते तुम्हाला त्यांच्या आधी दिसलं तर पुढचा महिनाभर नाश्ता त्यांनी करायचा, अशी पैज लावा.

दुपारी तिथल्या मच्छीमारांच्या घरी तळलेली चिलापी आणि भाकरी मिळते. जेवण सकाळी बोटीत बसायच्या आधीच सांगून ठेवा, उशीर झाला की रस्सा तेवढा उरतो. नावाड्याला म्हणावं, थव्याच्या फार जवळ नेऊ नकोस. आणि टोपी घ्या, पाण्यावरचं ऊन लागतं.